ओळींमधली जागा : देवनागरी टंकलेखनातील अंतराच्या संकेतांची चिकित्सा
(विशेष संदर्भ : नरपड व डहाणू-तलासरी परिसर)

प्रस्तावना

लेखनाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष सहजच अक्षरांकडे जाते. लिपीचा उगम, अक्षरांची वळणे, शुद्धलेखनाचे नियम, मुद्रणाचा इतिहास या विषयांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने दोन ओळींमध्ये राहणाऱ्या कोऱ्या जागेचा विचार कमी झाला. ही जागा रिकामी असते म्हणून ती निरर्थक समजली जाते. प्रत्यक्षात एखादा मजकूर कच्चा आहे की पक्का, तो कोणाच्या नजरेखालून जायचा आहे आणि त्यात बदल करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे पुष्कळदा ती जागाच सांगत असते. प्रबंधाच्या नियमावलीत ‘मजकूर दीड अंतराने टंकलिखित असावा’ अशा आशयाचे एक वाक्य हमखास आढळते. संशोधक, मार्गदर्शक आणि टंकलेखक ते निमूटपणे पाळतात. मात्र हे दीड म्हणजे कशाच्या दीडपट, आणि ते नेमके कशासाठी, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

या चिकित्सेसाठी पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील नरपड हे समुद्रकाठचे गाव व त्याचा परिसर समोर ठेवला आहे. त्याला कारणे आहेत. १७३९ च्या सुमारास, वसईच्या मोहिमेत, हा किनारा पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला आणि मोडी दफ्तराच्या कक्षेत गेला. पुढे इंग्रजी अंमलात इंग्रजी कागद आला. १९६० च्या राज्यविभाजनात शेजारच्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, तरी या पट्ट्यातील व्यवहारात मराठीबरोबर गुजराती टिकून राहिली. शिरोरेखा असलेली देवनागरी, शिरोरेखा नसलेली गुजराती आणि रोमन अशा तीन लिपी येथे एकाच बाजारपेठेत नांदतात. वारली, मांगेली यांसारख्या येथील बोलींना लिहायचे झाल्यास देवनागरीचाच आधार घ्यावा लागतो. ओळींच्या अंतराचा एकच नियम सर्व लिपींना सारखाच लागू पडतो काय, हे तपासण्यास असा परिसर सोयीचा ठरतो.

१. बोरूच्या काळातील ओळ

यंत्र येण्यापूर्वीही ओळींच्या अंतराचे संकेत होतेच. पोथी लिहिणारा लेखक आधी कागद आखून घेई. ठरावीक अंतरावर दोरे ताणून बसवलेल्या पाटीवर कागद दाबून ओळींच्या खुणा उमटवण्याची रीत होती. त्यामुळे पानावर किती ओळी मावणार हे पहिले अक्षर उमटण्यापूर्वीच ठरून जाई. मोडी लेखनात हा क्रम अधिकच स्पष्ट दिसतो. मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदाच्या रुंदीभर शिरोरेखा ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरे लावतो. शब्दांमध्ये जागा सोडण्याचा परिपाठ नाही, बोरू शक्यतो उचलायचा नाही, परंतु दोन रेघांमधील अंतर मात्र आधीच निश्चित केलेले. येथे अंतर हे अक्षरांनंतर उरलेली जागा नसून अक्षरांच्या आधी घेतलेला निर्णय आहे, ही बाब महत्त्वाची आहे.

देवनागरी व मोडी या दोन्ही लिपींत अक्षर रेघेवर उभे राहत नाही. ते रेघेला लटकते. रोमन अक्षराची आधाररेषा खाली असते, देवनागरीची वर असते. मराठी शाळेतील मूल दुरेघी वहीत पहिली अक्षरे गिरवते तेव्हा वरच्या रेघेला अक्षर टेकवायला शिकते, आणि इंग्रजीसाठी चौरेघी वही घेते तेव्हा खालच्या बाजूच्या एका रेघेवर अक्षर बसवायला शिकते. म्हणजे प्राथमिक शाळेने जो भेद ओळखून दोन निराळ्या वह्या दिल्या, तोच भेद पुढे विद्यापीठाच्या नियमावलीत पुसला जातो.

ओळींमधली जागा चुका दुरुस्त करण्यासाठीही वापरली जाई. पोथीतील चुकलेले अक्षर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन झाकत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. गाळलेला शब्द घालायचा असल्यास काकपदाची खूण करून तो ओळींच्या मध्ये किंवा समासात लिहीत. परंतु या सोयीत एक धोकाही होता. एका वाचकाने ओळींमध्ये लिहिलेली टीप पुढचा नकलकार मूळ मजकूर समजून उतरवून घेई आणि प्रक्षेप निर्माण होई. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले, त्यामागे हाच अनुभव होता असे म्हणता येईल. राजपत्रांच्या बाबतीत तर मजकूर संपला तेथे मर्यादा मुद्रा उमटवून पुढची जागा बंद केली जाई, जेणेकरून मागाहून काही लिहिता येऊ नये.

यावरून एक सूत्र हाती येते. ओळींमधील मोकळी जागा म्हणजे दुसऱ्या हाताला दिलेली परवानगी होय. जेथे ती परवानगी द्यायची आहे तेथे जागा सोडली जाते, आणि जेथे द्यायची नाही तेथे ती बंद केली जाते.

२. खिळे, कळा आणि एकषष्ठांश इंच

मुद्रणकलेने या अंतराला वजन आणि जाडी दिली. जुळारी खिळ्यांच्या दोन ओळींमध्ये शिशाची पातळ पट्टी घालत असे. इंग्रजीत या अंतराला मिळालेले ‘लेडिंग’ हे नाव शिशावरूनच आले. १८६९ मध्ये सुरू झालेल्या निर्णयसागर छापखान्यासारख्या संस्थांनी देवनागरी मुद्रणाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्यात सुबक खिळ्यांइतकाच ओळींच्या मोजक्या, समान अंतराचा वाटा होता. छापखान्यात हे अंतर मजकुराच्या प्रकारानुसार आणि खिळ्याच्या आकारानुसार बदलता येत असे. जुळाऱ्याच्या हातात निर्णय होता.

टंकलेखन यंत्राने तो निर्णय काढून घेतला. टाईपरायटरचा रोलर दात्यांवर फिरतो. कॅरेज परत ढकलताना लिव्हर दाबला की रोलर ठरावीक दाते पुढे सरकतो आणि नवी ओळ येते. सर्वसाधारण यंत्रात एका उभ्या इंचात सहा ओळी बसतात. म्हणजे एकेरी अंतर सुमारे ४.२३ मिलिमीटर. बाजूची खूण फिरवून दीड, दुहेरी, तिहेरी असे पर्याय निवडता येतात. त्यांच्या मधले काही मिळत नाही. एकषष्ठांश इंचाचे हे माप रोमन अक्षरांच्या सोयीने ठरलेले होते. रोमन लिपीत वर जाणारे दांडे आणि खाली उतरणाऱ्या शेपट्या यांना त्यात पुरेशी जागा मिळते.

देवनागरीची स्थिती वेगळी आहे. या लिपीचे प्रत्येक अक्षर जणू तीन मजली असते. मधल्या मजल्यावर अक्षराचा मुख्य भाग, शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, चंद्र आणि अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार व हलन्त चिन्ह. ‘मूर्तींची’ हा साधा शब्द घेतला तरी त्यात खाली दीर्घ उकार आहे, आणि एकाच अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार व अनुस्वार असे तिघे एकत्र आलेले आहेत. मराठी यंत्रात वरखालची ही चिन्हे अशा कळांवर असतात की त्या दाबल्या असता कॅरेज पुढे सरकत नाही. चिन्ह अक्षराच्या वर वा खाली जाऊन बसते. हे सर्व एकषष्ठांश इंचात बसवायचे तर अक्षराचा मुख्य भाग लहान करावा लागतो, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर येऊन आदळतो. मराठी मजकूर दीड वा दुहेरी अंतराने घेण्याकडे कल राहिला तो या अडचणीमुळे स्वाभाविकच होता.

गुजरातीशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक उजळतो. गुजरातीतही चिन्हे वरखाली लागतात, परंतु शिरोरेखा नसल्याने अक्षरांच्या माथ्यावर सलग काळी रेघ येत नाही. देवनागरीत शिरोरेखा नजरेला ओळीवरून घसरू देत नाही, हा तिचा गुण आहे. मात्र ओळी दाटल्या की याच आडव्या रेघा पानाला गजांच्या खिडकीसारखे रूप देतात आणि वरचा मजला त्या गजांमध्ये अडकतो. डहाणूच्या बाजारात शेजारी शेजारी लागलेल्या मराठी व गुजराती पाट्या पाहिल्या तरी हा फरक डोळ्यांना जाणवतो.

येथे लेखनविषयक नियमांच्या इतिहासाचाही उल्लेख करणे अगत्याचे ठरते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ साली शासनमान्य झालेले नियम व्युत्पत्तीने सिद्ध होणारे अथवा न होणारे अनुच्चारित अनुस्वार सोडून देतात. त्यांचा हेतू उच्चार व लेखन यांतील तफावत कमी करणे हा होता. परंतु त्याचा एक अनुषंगिक परिणाम असा झाला की देवनागरी ओळीचा वरचा मजला बराच हलका झाला. लेखनाचा नियम आणि पानाचे दृश्य रूप यांचा संबंध किती निकटचा असतो, हे यातून दिसून येते.

३. मसुदा आणि स्वच्छ प्रत

कचेरीच्या व्यवहारात ओळींच्या अंतराला दुसरा, अधिक स्पष्ट अर्थ मिळाला. कारकुनाने तयार केलेला मसुदा रुंद समास सोडून दुहेरी अंतराने टंकलिखित होई. वरिष्ठ त्या मोकळ्या ओळींत आपल्या हस्ताक्षरात शब्द बदलत, वाक्य खोडत, नवे घालत. मान्यता मिळाल्यावर त्याची स्वच्छ प्रत निघे आणि ती बहुधा आटोपशीर अंतराने, जागा वाचवून घेतली जाई. मसुद्यात अंतर होते कारण दुसरा हात यायचा होता. स्वच्छ प्रतीत ते आटले कारण आता कोणाचाही हात लागायचा नव्हता. बोरूच्या काळातील सूत्रच येथे यंत्राच्या भाषेत पुन्हा अवतरले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर शासनव्यवहारात मराठी रुजत गेली आणि इंग्रजी मसुद्यासाठी तयार झालेला हा संकेत मराठी टंकलेखनानेही उचलला.

साहित्यव्यवहारातही हेच घडले. हस्तलिखित पाठवताना ते पाठपोट लिहू नये, कागदाच्या एकाच बाजूस, भरपूर समास व ओळींत अंतर सोडून लिहावे, ही सूचना मराठी नियतकालिकांच्या लेखकांना परिचित आहे. ‘सत्यकथा’ मासिकाचा आणि श्री. पु. भागवतांच्या संपादनाचा उल्लेख मराठीत आदराने होतो तो लेखकाच्या मजकुरावर बारकाईने काम करण्याच्या परंपरेमुळे. अशा संपादनासाठी ओळींमधली जागा ही संपादकाची बैठक असते. मार्गदर्शकाला दाखवण्यासाठी आणलेले प्रबंधाचे प्रकरण दुहेरी अंतराने टंकलिखित असे, त्याचेही कारण हेच. संशोधकाच्या दोन ओळींमध्ये मार्गदर्शकाची तिसरी ओळ उमटायची असे.

म्हणजे मराठी टंकलेखनात अंतराच्या एकाच संकेताने दोन वेगळी कामे केली. एक, लिपीच्या वरखालच्या चिन्हांना श्वास घेण्यास जागा देणे. दोन, दुसऱ्या हाताला दुरुस्तीस वाव देणे. दोन्ही कामे डबल स्पेसने एकदमच भागत असल्याने ती वेगळी आहेत याकडे लक्ष गेले नाही. पुढच्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

४. आकडा तोच, माप वेगळे

भारतात गोदरेज अँड बॉइस या कंपनीने १९५५ मध्ये टाईपरायटरची निर्मिती सुरू केली आणि २००९ मध्ये ती थांबवली. यंत्र गेले, पण त्याचा शब्दसंग्रह मागे राहिला. संगणकावरील लेखनप्रणालीतही एकेरी, दीड आणि दुहेरी हीच नावे आहेत. मात्र त्यांचा अर्थ पालटला आहे.

टाईपरायटरवर एकेरी अंतर म्हणजे एकषष्ठांश इंच, अर्थात १२ पॉइंट. अक्षर कोणतेही असो. संगणकावर एकेरी अंतर हे निवडलेल्या फॉन्टच्या अंगभूत उंचीवर अवलंबून असते. टाइम्स न्यू रोमन हा फॉन्ट १२ पॉइंट आकारात घेतला तर एकेरी ओळ सुमारे १३.८ पॉइंटची होते, आणि दुहेरी सुमारे २७.६ पॉइंटची, टाईपरायटरची दुहेरी मात्र २४ पॉइंटची होती. देवनागरी फॉन्टमध्ये वरखालच्या चिन्हांसाठी उंची आधीच राखून ठेवलेली असते. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फॉन्ट त्याचे ठळक उदाहरण आहे. त्यात एकेरी ओळच मुळात ऐसपैस पडते, आणि तिची दीडपट केली की पान विरळ दिसू लागते. याउलट काही फॉन्टमध्ये अक्षर लहान व ओळ दाट येते. त्यामुळे ‘१२ आकार, दीड अंतर’ हा एकच नियम पाळूनही दोन विद्यार्थ्यांच्या पानांवर निरनिराळ्या संख्येच्या ओळी बसतात. शिवाय प्रणालीची मूळ मांडणीही स्थिर नाही. वर्ड या प्रणालीच्या २००७ च्या आवृत्तीत नव्या कागदाचे अंतर १.१५ आणि परिच्छेदानंतर १० पॉइंट असे ठेवलेले होते. २०१३ च्या आवृत्तीत ते १.०८ आणि ८ पॉइंट झाले.

यावर उपाय म्हणून काही जण अंतर पॉइंटमध्ये पक्के बांधून टाकतात. परंतु बांधलेले माप लिपीला अपुरे असेल तर पडद्यावर, व कधी छपाईतही, वेलांटी आणि रफार यांचे माथे छाटलेले दिसतात. टाईपरायटरवर चिन्हे एकमेकांवर आदळत. येथे ती कापली जातात.

दरम्यान दुसऱ्या हाताची जागाही ओळींमधून उठून गेली आहे. दुरुस्त्यांचा माग ठेवणारी सोय आणि समासातील शेरे यांमुळे मार्गदर्शक आता ओळींच्या मध्ये लिहीत नाही. तो पडद्याच्या कडेला लिहितो. म्हणजे लिपीची गरज फॉन्टने उचलली आणि दुरुस्तीची गरज प्रणालीने उचलली. ज्या दोन कारणांसाठी डबल स्पेस जन्माला आली ती दोन्ही कारणे तिला सोडून गेली. नियमावलीत मात्र आकडा शिल्लक राहिला.

नियम कसा पूर्ण असू शकतो याचा एक नमुना उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दाखल करावयाच्या कागदपत्रांसाठी ए-४ कागद, दोन्ही बाजूंस छपाई, टाइम्स न्यू रोमन फॉन्ट, १४ आकार, दीड अंतर, आणि अवतरणांसाठी १२ आकार व एकेरी अंतर असे ठरवून दिले. येथे फॉन्ट, आकार आणि अंतर हे तिन्ही एकत्र सांगितले असल्याने ‘दीड’ या शब्दाला निश्चित माप मिळते. कागद वाचवण्याचा हेतूही दोन्ही बाजूंच्या छपाईतून साध्य होतो. परंतु अशा नियमातील फक्त ‘दीड’ हा शब्द उचलून मराठी प्रबंधाच्या नियमात ठेवला, आणि फॉन्टचे नाव गाळले, तर तो नियम दिसतो नेमका पण राहतो मोघम.

५. किंमत कोण मोजतो?

हा केवळ देखणेपणाचा प्रश्न असता तर त्यावर एवढा ऊहापोह करण्याचे प्रयोजन नव्हते. त्याचे आर्थिक आणि शैक्षणिक परिणाम आहेत. टंकलेखनाचा व झेरॉक्सचा दर पानावर ठरतो. ए-४ कागदावर वर व खाली एकेक इंच समास सोडला आणि टाईपरायटरचे माप धरले, तर एकेरी अंतराने ५८, दीड अंतराने ३८ आणि दुहेरी अंतराने २९ ओळी बसतात. जो मजकूर एकेरी अंतराने १०० पानांत मावतो, त्याला दीड अंतराने सुमारे १५३ आणि दुहेरी अंतराने २०० पाने लागतात. एकाच बाजूस छपाई, अनेक प्रती आणि बांधणी हे सर्व त्यात मिळवले की फरक गुणाकाराने वाढतो. नरपड, चिखले, घोलवड या किनाऱ्यावरून किंवा तलासरीच्या पाड्यांवरून शिकायला येणाऱ्या, घरातील पहिल्याच पदवीधर विद्यार्थ्याला हा आकडा क्षुल्लक नसतो. त्यात नियम मोघम असल्यामुळे ‘अंतर बरोबर नाही’ या शेऱ्यासह प्रकल्प परत आला, तर त्याने कोणत्या मापाचा आधार घेऊन उत्तर द्यावे?

उलट बाजूही पाहिली पाहिजे. प्रकल्पाची किमान पृष्ठसंख्या ठरलेली असते तेव्हा अंतर वाढवून पाने भरण्याची युक्ती विद्यार्थ्याला आपसूक सापडते. मजकुराची मोजणी शब्दांनी होण्याऐवजी पानांनी होते आणि कोरी जागा श्रमाच्या जागी उभी राहते. दुसऱ्या हातासाठी सोडलेली जागा येथे कोणाच्याच हातासाठी राहत नाही. तेथे कोणी दुरुस्ती करीत नाही, कोणी वाचून खूण करीत नाही. ती केवळ जाडी वाढवते. मार्गदर्शकाचा हात न लागलेला, भरपूर अंतराचा प्रबंध हे आजच्या उच्च शिक्षणाचे अस्वस्थ करणारे चित्र आहे.

तिसरा परिणाम छापील नमुन्यांत दिसतो. नरपडमधील मच्छीमार, वाडीवर काम करणारा मजूर किंवा शाळेत मुलाचे नाव घालणारी आई यांचा शासनाशी येणारा लेखी संबंध बहुतांशी नमुना भरण्यापुरता असतो. वनहक्क अधिनियम, २००६ खालील दावे डहाणू-तलासरीच्या आदिवासी कुटुंबांच्या जगण्याशी जोडलेले आहेत, आणि त्यांचीही सुरुवात नमुन्यातील नाव, जोडीदाराचे नाव, गाव, ग्रामपंचायत अशा रकान्यांनी होते. अनेक छापील नमुन्यांत ठिपक्यांच्या दोन ओळींमधील अंतर रोमन अक्षरांत टंकलेखन करण्याच्या मापाचे असते. हाताने देवनागरी लिहिणाऱ्याला त्यात उकार आणि वेलांटी सांभाळणे कठीण जाते. ज्याचा हात लेखनाला सरावलेला नाही त्याचे अक्षर मोठे असते. ते खालच्या ओळीत उतरते, वरच्या मात्रेला चिकटते, आणि नाव चुकीचे वाचले जाते. ‘किसन’ आणि ‘कीसन’ यांत कदाचित काही बिघडणार नाही. परंतु एका कागदावर ‘रूपजी’ आणि दुसऱ्यावर उकार हरवून ‘रपजी’ असे नाव लागले, तर तो फरक निस्तरण्यासाठी त्या माणसाला तालुक्याच्या ठिकाणी किती खेपा घालाव्या लागतील याची कल्पना करता येते. हरवलेला उकार हा येथे शुद्धलेखनाचा दोष राहत नाही. तो ओळखीचा प्रश्न बनतो.

तहसील कचेरीच्या आसपास बसून अर्ज टंकलिखित करून देणाऱ्यांनी या अडचणीवर आपल्यापुरता तोडगा पूर्वापार काढलेला आहे. विषय आणि मजकूर यांत मोकळी ओळ, मजकूर दीड अंतराने, सहीपूर्वी पुरेशी जागा, आणि महत्त्वाचे नाव असेल तेथे ओळ थोडी सैल. ही रचना कोणत्याही पुस्तकी नियमातून आलेली नाही. वाचणाऱ्याला शेरा मारता यावा आणि नाव स्वच्छ दिसावे, या दोन प्रयोजनांतून ती आलेली आहे. नियमावलीने जे विसरले ते व्यवहाराने लक्षात ठेवले, असेच म्हणावे लागते.

६. संभाव्य आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, परीक्षकाला सर्व प्रबंध एकसारखे दिसणे सोयीचे असते आणि त्यासाठी कोणतातरी एक आकडा हवाच. हा आक्षेप रास्त आहे. मात्र फॉन्ट न सांगता दिलेला आकडा एकसारखेपणा आणत नाही, हे वर दाखवले आहे. एकसारखेपणाच हवा असेल तर नियम अधिक नेमका करावा लागेल, सैल नव्हे. दुसरा आक्षेप असा की, आता बहुतेक वाचन पडद्यावर होते, तेथे वाचक अक्षर हवे तसे लहानमोठे करू शकतो. मग कागदावरील अंतराची चर्चा कालबाह्य नव्हे काय? परंतु प्रबंधाच्या प्रती अजून कागदावर मागितल्या जातात, अर्ज अजून कागदावर भरले जातात, आणि पडद्यावरही अक्षर मोठे केल्याने ओळींचे परस्परप्रमाण बदलत नाही. कापलेली वेलांटी मोठी केली तरी कापलेलीच राहते.

समारोप व निष्कर्ष

ओळींमधील अंतर हा सजावटीचा भाग नसून लेखनव्यवहारातील नात्यांचा भाग आहे. पोथीतील काकपद, राजपत्रातील मर्यादा मुद्रा, कचेरीतील मसुदा आणि संपादकापुढील हस्तलिखित या सर्वांत त्या जागेला निश्चित काम होते. टाईपरायटरने तिला रोमन अक्षराच्या मापात बांधले, तरी तिचे काम तिच्याकडे राहिले. संगणकाच्या काळात माप बदलले, काम दुसरीकडे गेले आणि उरलेला आकडा नियम म्हणून चालू राहिला. प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. मराठी टंकलेखनातील एकेरी, दीड व दुहेरी अंतराचे संकेत रोमन यंत्राच्या मापातून आलेले असून देवनागरीच्या तीन मजली रचनेचा विचार त्यांत अंतर्भूत नाही.

२. लिपीला लागणारी जागा आणि दुरुस्तीला लागणारी जागा या दोन भिन्न गरजा आहेत. त्यांचे नियमही भिन्न असले पाहिजेत.

३. मराठी प्रबंध व प्रकल्पांच्या नियमावलीत अंतर सांगताना फॉन्टचे नाव व आकार यांचा उल्लेख अनिवार्य असावा, किंवा त्याऐवजी एका पानावरील ओळींची संख्या सांगावी. लांबीची मोजणी पानांऐवजी शब्दांत करावी आणि दोन्ही बाजूंच्या छपाईस मुभा द्यावी.

४. मार्गदर्शकासाठी काढलेली कच्ची प्रत सैल अंतराची व अंतिम प्रत आटोपशीर अंतराची असा भेद पुन्हा मान्य करावा.

५. हाताने भरावयाच्या मराठी नमुन्यांतील ओळींचे अंतर देवनागरी हस्ताक्षराच्या मापाने ठरवावे. त्यासाठी दुरेघी वहीचे माप हा सहज उपलब्ध आधार आहे.

बापूराव नाईक यांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या १९७१ च्या बृहद्ग्रंथापासून देवनागरीच्या मुद्रणरूपाचा गंभीर अभ्यास मराठी माणसांना अपरिचित नाही. तो अभ्यास महाविद्यालयांच्या नियमावलीपर्यंत आणि तालुक्याच्या छापील नमुन्यापर्यंत पोहोचणे एवढेच बाकी आहे. नरपडच्या शाळेतील मूल दुरेघी वहीत वरच्या रेघेला अक्षर टेकवते आणि खाली उकारासाठी जागा राखते. त्याच्या पुढील शिक्षणात आणि पुढील अर्जांत तेवढी जागा त्याला मिळत राहावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.